एकशे बेचाळीस झाडं मी विसरलो

मी एक जुना संगणक आहे, पण मित्रांनो, आज मी माझं कौतुक सांगायला बसलेलो नाही. मला माझी लाज सांगायची आहे. ती अर्धी माझी आहे आणि अर्धी सुचिताची. सुचिता शाळेत शिकवते, तिला चारचौघांत वावरावं लागतं. मला कुठे जायचं आहे? म्हणून सांगण्याचं काम मी घेतलं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझ्या आसपास जे बोललं गेलं, ते मला सगळं आठवतं. पण माझ्यात जे लिहिलं गेलं होतं, ते मला आठवत नाही. असं का झालं, तीच ही गोष्ट आहे.

नागपूरच्या एका दुकानात मला जोडलं. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, पडदा तिसरीकडचा. पहिली दोन वर्षं मी पांढुर्ण्यात बसस्टँडजवळच्या एका दुकानात लोकांचे फॉर्म भरले. मग सौंसरजवळच्या बोरगावचा कुलदीप मला पॉलिटेक्निकच्या अभ्यासासाठी घरी घेऊन आला. अभ्यास त्याने दीड वर्ष केला. पुढे त्याचं मन घरच्या संत्र्याच्या बागेत रमलं आणि मी पुढच्या खोलीत खिडकीपाशी झाकून पडलो.

माझ्यावरचं ते झाकण काढलं कुलदीपच्या आईने, वच्छलाबाईंनी.

वच्छलाबाई दहावीपर्यंत शिकलेल्या. बागेचा पूर्वेकडचा तुकडा त्यांच्या सासऱ्यांनी लावलेला, त्यात एकशे बेचाळीस झाडं. प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाने आकडा घातला होता. संत्र्याचं झाड मोठं लहरी असतं, मित्रांनो. एक झाड दरवर्षी लगडतं, शेजारचं चार वर्षं नुसती पानं हलवतं. कुणाच्या बुंध्यातून डिंक वाहतो, कुणाची पानं काळी पडतात. कोणतं झाड कसं वागलं हे वच्छलाबाई एका बोटाने माझ्यात लिहीत. दुपारची भांडी आटोपली की त्या चष्मा लावून माझ्यासमोर बसत आणि ओठ मिटून एकेक अक्षर शोधत. अकरा वर्षं त्यांनी हे केलं. कळफलकावरची ‘झ’ आणि ‘ड’ ही अक्षरं पार पुसून गेली होती.

कुलदीप हसायचा. “आई, झाडाईची जन्मपत्रिका लिहून राहिली का?”

“हो,” त्या म्हणायच्या. “तुही लिहिली होती गुरुजीनं, काही कामाची निंघाली नाही.”

त्या रोज मला पुसायच्या. फडका ओला करून, घट्ट पिळून, अगदी पंख्याच्या जाळीपर्यंत. आजवर इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

पण यंत्राला म्हातारपण लवकर येतं. माझी जुनी विंडोज मला ओझं झाली. सुरू व्हायला मला वीस मिनिटं लागू लागली. वच्छलाबाई कळ दाबून स्वयंपाकघरात जायच्या, फोडणी घालून परत यायच्या, तरी मी तसाच फिरतं चाक दाखवत बसलेला. मला फार ओशाळल्यासारखं व्हायचं.

तेव्हा कुलदीप म्हणाला, “सुचिता वहिनीले दाखवू. ते जुन्या मशिना जिवंत करते म्हणतात.”

सुचिता म्हणजे वच्छलाबाईंच्या बहिणीची सून. सौंसरला राहते. तिचा नवरा मुकुंद सरकारी नोकरीत, ती एका शाळेत गणित शिकवते. शाळा बंद होत्या त्या काळात तिला कुणीतरी टाकून दिलेला लॅपटॉप मिळाला आणि तिने स्वतःच्या जिद्दीने त्यावर लिनक्स बसवलं. लिनक्स ही संगणकाचं कामकाज चालवणारी एक प्रणाली आहे. ती हलकी असते, म्हाताऱ्या यंत्रांना सोसवते. तेव्हापासून तिला नादच लागला. मोहगावपासून, तिगावपासून लोक तिच्याकडे मेलेले संगणक आणू लागले. तिच्या घरच्या मागच्या खोलीत आमच्यासारख्यांची रांग लागलेली असे. ती धूळ झटकायची, सुटलेली तार बसवायची, पेन ड्राइव्ह लावायची, आणि संध्याकाळपर्यंत यंत्र चालू. लोक म्हणायचे, “मॅडमच्या हाताले गुण आहे.” तिला तेवढंच हवं असायचं. हे वाक्य ऐकताना तिचा चेहरा कसा उजळायचा, ते मी पाहिलं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मुकुंद मला स्कूटरवर घेऊन सौंसरला आला. निघताना वच्छलाबाईंनी सुचिताला फोन केला होता. मी अंगणातच होतो, म्हणून ऐकलं.

“माह्या झाडाईची फाईल आहे त्यात. सांभाळजो व पोरी.”

पलीकडून काय उत्तर आलं ते वच्छलाबाईंनीच मोठ्याने उच्चारलं, स्वतःच्या समाधानासाठी. “चिंता करू नका म्हणते. बरं, नाही करत.”

सुचिताची एक शिस्त होती. कोणत्याही यंत्राला हात लावण्याआधी त्यातलं सगळं ती एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यायची. ती डिस्क कपाटात असे. त्या दिवशीही ती कपाटाकडे निघाली होती. तेवढ्यात तिच्या शाळेतल्या दोघी मैत्रिणी, मालती आणि प्रमिला, फराळाला आल्या.

“हेच का ते तुझं लिनक्स?” प्रमिला म्हणाली. “आम्हाले बी दाखव ना. किती वेळ लागते?”

“पंधरा मिनिटं,” सुचिता म्हणाली. “बसा तुम्ही. चकली संपायच्या आत चालू करून दाखवते.”

सगळं उतरवून घ्यायला दोन तास लागले असते. ती कपाटाकडे गेलीच नाही. नवीन प्रणाली जुन्या फायलींना धक्का न लावता शेजारी बसवता येते, तसंच करू, असं तिने मनात ठरवलं असावं. माझ्या पडद्यावर प्रश्न आला. शेजारी बसवायचं, की सगळी डिस्क पुसून बसवायचं? ती तेव्हा मान मागे वळवून मालतीला सांगत होती की तिगावच्या एका लॅपटॉपमधून तिने झुरळं कशी काढली. दोघी खळखळून हसत होत्या. बाण चुकीच्या ओळीवर होता. मी माझ्या परीने पुन्हा विचारलं, नक्की ना? तिने न बघता कळ दाबली.

मित्रांनो, यापुढचं सांगताना मला फार जड जातं. पुसलं जाताना मला काहीच दुखलं नाही. उलट हलकं वाटलं. डोक्यावरचा भारा उतरल्यासारखं, अंगात वारा शिरल्यासारखं वाटलं. पंधरा मिनिटांत नवी प्रणाली बसली, मग अर्ध्या मिनिटात मी उघडलो, नवा निळा पडदा दाखवला. मालतीने टाळी वाजवली. “खरंच गुण आहे व हाताले!” आणि मी खूष झालो. अकरा वर्षांची आठवण गेली त्या क्षणी मी आनंदात होतो. माझ्या वाट्याची लाज ती हीच.

मैत्रिणी गेल्यावर सुचिताने झाडांची फाईल शोधायला घेतली. एक कप्पा उघडला, दुसरा उघडला. मग ती थांबली. सगळे रिकामे होते. बशीत एक चकली उरली होती.

तेव्हाच तिने मला बंद केलं असतं आणि बोरगावला फोन केला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. का, ते पुढे सांगतो.

चार दिवसांनी ती मला घेऊन बोरगावला आली. रस्ताभर मुकुंदशी एक अक्षर बोलली नाही. वच्छलाबाईंनी माझ्यासाठी टेबल पुसून ठेवलं होतं.

“मावशी,” सुचिता म्हणाली, “एक वाईट सांगायचं आहे. डिस्क आधीच खराब झाली होती. झाडांची फाईल वाचली नाही. बाकी मशीन आता छान चालते.”

वच्छलाबाईंच्या हातात पाण्याचा गडवा होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

“सगळीच गेली?”

“सगळीच.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात, जणू गुन्हा कबूल करावा तशा म्हणाल्या, “मी रोज ओला फडका मारत होती त्याच्यावर. धूळ बसे न. पाणी गेलं असंन आत. त्यानंच झालं का व?”

सुचिताने मान खाली घातली.

“होऊ शकते,” ती म्हणाली.

फक्त दोन शब्द. माझी डिस्क धडधाकट होती. मी खराब नव्हतो, ओल्या फडक्याने माझ्या केसालाही धक्का लागलेला नव्हता. पण मी काय बोलणार? माझ्या पडद्यावर फक्त निळा रंग होता.

त्यानंतर वच्छलाबाई माझ्याजवळ आल्या नाहीत. खोली झाडताना माझ्या टेबलाच्या बाजूने वळून जायच्या. मुकुंद एकदा येऊन म्हणाला, “मावशी, आता लय फास्ट झालं, बसून तर पाहा.” त्या म्हणाल्या, “नाही रे बाप्पा. माह्या हाताले यश नाही. मी दुरूनच बरी.” जामसावळीच्या मारुतीला जाऊन आल्या तेव्हा शेजारणीला सांगत होत्या की आपल्या अडाणीपणाने घरातली मोठी वस्तू बिघडली. शेजारीण हसली. त्या हसल्या नाहीत.

कुलदीप मात्र माझ्यावर फिदा झाला. माझा वेग पाहून त्याने आपल्या लग्नाचा सगळा व्हिडिओ माझ्यात भरला. हळदीचा, वरातीचा, पंगतीचा. मग मावसभावाच्या लग्नाचा. मग सिनेमे. मी ते मुकाट्याने गिळत गेलो.

जानेवारीत माझं पोट गच्च भरलं. जागा नाही, असं मी सांगू लागलो. कुलदीपने वहिनीला फोन केला आणि एका रविवारी सकाळी सुचिता आली. ती माझ्यासमोर बसली तेव्हा कुलदीप दाराशी उभा राहून फोनवर बोलत होता.

“मंगळवारी ये जेसीबी घेऊन. हो, पूर्वेकडचा पूर्ण तुकडा.”

सुचिताने वळून विचारलं, “काय करून राहिले भाऊजी?”

“पूर्वेकडचे झाडं काढून टाकतो वहिनी. बुढे झाले. त्यात काही चांगले आहेत, काही भाकड. आईची फाईल असती तर चांगले चांगले ठेवले असते, त्याच्या फांद्याईवरचे डोळे घेऊन नवीन कलमा केल्या असत्या. आता कोणतं कसं, कोण सांगन? सगळेच काढतो.”

“मावशींना आठवत असेल ना?”

“काही आठवते, काही नाही. एकशे बेचाळीस झाडं आहेत. अन् ते म्हणते, माह्या हातानं नाश झाला, आता मले विचारू नका.”

वच्छलाबाई ओट्यावर सूप घेऊन तूर पाखडत होत्या. त्यांनी ऐकलं असणार. सूप क्षणभर थांबलं आणि पुन्हा हलू लागलं.

सुचिताचा हात माझ्या माऊसवर होता. तो तिने काढून घेतला. ती उठली. ओट्यावर गेली आणि वच्छलाबाईंसमोर खाली बसली.

“मावशी, तुमच्या फडक्यानं काही झालं नाही.”

“काय म्हणते?”

“डिस्क खराब नव्हती. चांगली होती. तुमची फाईल मी पुसली. माझ्या हातानं. तुम्ही सांगितलं होतं सांभाळजो म्हणून, मी कॉपी काढली नाही. न बघता बटन दाबलं. आणि मग तुमच्याशी खोटं बोलली.”

सूप थांबलं.

कुलदीप आत आला. “मंग खोटं काहून बोलल्या वहिनी? तवाच सांगायचं होतं.”

“लाज वाटली.”

“आमची?”

सुचिताने डोळे मिटले. “समोर दोन मैत्रिणी बसल्या होत्या. मला दाखवायचं होतं त्यांना. एवढंच.”

कारण एवढं लहान असेल असं कुलदीपला वाटलं नसावं. त्याने रागाने चप्पल घातली, फाटकापर्यंत गेला, परत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

वच्छलाबाईंनी आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. मग बोलल्या, फार शांतपणे बोलल्या.

“फाईल पुसली त्याचा राग नाही मले. चुकते माणूस. मी बी पोळी जाळतो. पण दोन महिने मी या हाताले शिव्या देऊन राहिली सुचिता. देवापुढं बी दिल्या. तू येत होती, चहा पीत होती, पाहत होती. त्याचा राग आहे.”

सुचिता रडू लागली. वच्छलाबाईंनी तिला जवळ घेतलं नाही. त्या म्हणाल्या, “रडणं मंग. आधी सांग, काही निंघते का त्यातून?”

मित्रांनो, आता ती गोष्ट सांगतो जी मघाशी राखून ठेवली होती. संगणकावरून काही पुसलं की ते लगेच नाहीसं होत नाही. वहीचं अनुक्रमणिकेचं पान फाडावं तसं ते असतं. आतली पानं तशीच राहतात, फक्त कुठे काय आहे ते कळत नाही. त्या पानांवर कुणी नवीन लिहिलं की मगच ती जातात. दिवाळीच्या त्या दुपारी सुचिता थांबली असती, तर तिच्याकडे अशी साधनं होती की त्यांनी बरंचसं वाचलं असतं. पण दोन महिने मी कुलदीपची वरात गिळत होतो. ढोलताशे, फेटे, जिलेबीची ताटं, सगळं त्या झाडांच्या वर जाऊन बसलं होतं.

जेसीबीवाल्याला कुलदीपने आठ दिवसांनी यायला सांगितलं. सुचिता मला घरी घेऊन आली. या वेळी तिने आधी माझ्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढली आणि मला हातही न लावता त्या नकलेवर काम केलं. रोज शाळेतून आली की ती आधी मागच्या खोलीत यायची. तिने मुकुंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मी स्कूटरवर घेऊन गेलो होतो तेव्हा तू एक शब्द बोलली नव्हती. मले तवाच कळायला पाहिजे होतं.” आणि तिच्यासाठी चहा करायला गेला. मालती आणि प्रमिला यांनाही तिने स्वतः जाऊन सांगितलं. ते तिला सगळ्यात कठीण गेलं, असं ती मुकुंदला म्हणाली.

माझ्या पोटातून हजारो तुकडे निघाले. नाव नाही, तारीख नाही. बहुतेक निरर्थक. पाचव्या दिवशी एक पूर्ण फाईल उघडली, पण ती दहा वर्षांपूर्वीची एक जुनी प्रत होती, तिच्यात मोजक्याच झाडांच्या नोंदी होत्या. शेवटच्या वर्षाच्या फायलीचा एक फाटका तुकडा मिळाला, तो अडतीसाव्या झाडापर्यंतचा. त्यातली एक ओळ सुचिताने मोठ्याने वाचली. ‘झाड सतरा. बहार चांगला. अर्धा पोपटांनी खाल्ला. खाऊ द्या.’ वाचून तिने पदर तोंडाला लावला. मीही ती ओळ पहिल्यांदाच ऐकत होतो, मित्रांनो. ती माझ्यातच लिहिलेली होती.

जे मिळालं ते कागदावर छापून शनिवारी आणि रविवारी ती बोरगावला गेली. मलाही खिडकीपाशी परत ठेवलं. तिथून पहिली रांग दिसते. वच्छलाबाई पुढे, सुचिता वही घेऊन मागे. प्रत्येक झाडापाशी त्या थांबायच्या, बुंध्यावर हात ठेवायच्या. कागदावर काही असेल तर सुचिता वाचायची. कधी त्या लगेच म्हणायच्या, “ठेव, हे गुणाचं आहे.” कधी खूप वेळ उभ्या राहून म्हणायच्या, “नाही आठवत व.” सुचिता ते लिहून घ्यायची. दोन्ही दिवस त्यांनी एकमेकींशी झाडांखेरीज दुसरं काही बोलल्याचं मी ऐकलं नाही.

संध्याकाळी सुचिता माझ्यासमोर बसून ते सगळं माझ्यात भरायची. रविवारी वच्छलाबाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“आता याच्या दोन कॉपी काढ,” त्या म्हणाल्या. “माह्यासमोर. मी पाहतो.”

सुचिताने त्यांच्यासमोर दोन प्रती काढल्या. एक पेन ड्राइव्ह त्यांनी साड्यांच्या पेटीत ठेवला, दुसरा तिच्या हातात दिला. मग त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या कळफलकावर बोट ठेवलं. त्या मला क्षमा करत होत्या की मला तपासत होत्या, ते मला कळलं नाही. मी मात्र पहिल्याच क्षणी अक्षर उमटवलं. जराही उशीर केला नाही.

त्र्याऐंशी झाडं राहिली. बाकीच्या एकोणसाठांत काही भाकड होती, पण बहुतेकांबद्दल ना कागदात काही होतं, ना वच्छलाबाईंच्या आठवणीत. मंगळवारी जेसीबी आला. सुचिताने शाळेतून सुट्टी घेतली होती. कुणी तिला बोलावलं नव्हतं. ती सकाळपासून बांधावर उभी राहिली आणि प्रत्येक झाड पडताना पाहत राहिली. दुपारी वच्छलाबाईंनी कुलदीपच्या हाती तिला भाकर आणि पाण्याचा गडवा पाठवला, स्वतः गेल्या नाहीत. सुचिता आता दर महिन्याला येते. वच्छलाबाई तिच्याशी बोलतात, हसतातही. पण ती माझ्यासमोर बसली की त्या हातातलं काम सोडून तिच्या मागे येऊन उभ्या राहतात.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना जरूर जीव द्या. उघडा, शिका, नवी प्रणाली बसवा. पण आमच्या पोटात कुणाचे दिवस साठले आहेत ते आधी विचारा आणि त्यांची दुसरी प्रत काढल्याशिवाय कळ दाबू नका. आणि कळ चुकलीच, तर त्याच दिवशी सांगा. त्या दिवशी बरंच काही वाचवता येतं.

पहिल्या रांगेत आता मधेमधे खड्डे आहेत. ते मला खिडकीतून दिसतात. त्या एकोणसाठ झाडांत दरवर्षी लगडणारं एखादं होतं का, असं कुलदीप कधी कधी आईला विचारतो. त्या म्हणतात, कोणाले माहीत. मला माहीत होतं.